माणसे सांभाळणारा प्रशिक्षक : सय्यद अब्दुल रहीम

भारतीय फुटबॉलच्या इतिहासात ४ सप्टेंबर १९६२ या तारखेला जे स्थान आहे, ते दुसऱ्या कोणत्याही तारखेला नाही. त्या दिवशी जकार्ताच्या भरगच्च स्टेडियममध्ये भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर साठहून अधिक वर्षे उलटली. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये ते पदक भारताच्या वाट्याला पुन्हा आले नाही. मैदानावर चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी, तुळशीदास बलराम, जर्नेल सिंग अशी मातब्बर मंडळी होती. मैदानाबाहेर होते सय्यद अब्दुल रहीम. त्यांना फुफ्फुसांच्या कर्करोगाने ग्रासले होते आणि पुढच्या वर्षभरात त्यांनी जगाचा निरोप घेतला.

रहीम यांची ओळख बहुधा डावपेचांचे जाणकार अशी करून दिली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. त्यांचे खरे सामर्थ्य माणसे निवडण्यात, त्यांना योग्य जागी बसवण्यात, रोजच्या सरावाची शिस्त लावण्यात आणि अडचणीच्या वेळी त्यांच्यावर विश्वास टाकण्यात होते. व्यवस्थापनशास्त्रात ज्याला मनुष्यबळ व्यवस्थापन म्हणतात, ते हा हैदराबादी शिक्षक १९५० च्या दशकात फुटबॉलच्या मैदानावर करून दाखवीत होता.

शाळामास्तर ते संघटक

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. उस्मानिया विद्यापीठातून त्यांनी कला शाखेची पदवी घेतली आणि विद्यापीठाच्या संघातून फुटबॉलही गाजवले. शिक्षण संपल्यावर त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला. काचीगुडा मिडल स्कूल, दारुल उलूम हायस्कूल, चादरघाट हायस्कूल अशा शाळांत त्यांनी अध्यापन केले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन शाळेतील क्रीडाविभाग सांभाळला. शाळेच्या मैदानावर मुलांना खेळवणे ही त्यांची पहिली प्रशिक्षणशाळा ठरली. मुलाची कुवत ओळखायची, कच्चा भाग हेरायचा आणि त्यावर रोज थोडे थोडे काम करून घ्यायचे, ही शिक्षकाची सवय त्यांनी पुढे आंतरराष्ट्रीय खेळाडूंच्या बाबतीतही सोडली नाही.

१९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव झाले. संघटनेचा कारभार आणि मैदानावरचा सराव या दोन्हींची सूत्रे एकाच माणसाकडे येण्याचा हा योग होता. सचिव म्हणून स्पर्धा भरवायच्या आणि प्रशिक्षक म्हणून त्या स्पर्धांतून हवा तसा खेळाडू घडवायचा, असा मेळ त्यांनी घातला. त्यांनी भरवलेल्या काही स्पर्धांचे नियमच वेगळे होते. एका स्पर्धेत चेंडू पायाशी खेळवत पुढे नेण्यास मनाई असे. चेंडू मिळाला की लगेच सहकाऱ्याकडे द्यावा लागे. दुसऱ्या प्रकारात खेळाडूला आपल्या कच्च्या पायानेच चेंडू मारावा लागे. दुखण्यावरचे औषध त्यांनी स्पर्धेच्या नियमांतच घालून ठेवले होते. एकट्याने चेंडू घेऊन पळण्याची हौस त्यामुळे कमी झाली आणि दोन्ही पायांनी खेळणारी, झटपट पास देणारी पिढी हैदराबादेत तयार झाली.

पोलिसांचा संघ

मराठी वाचकाला हे सारे दूरच्या मुलखातले वाटण्याचे कारण नाही. बुलढाणा जिल्ह्यातील दुसरबीड, सिंदखेडराजा ही गावे वऱ्हाडातली. तेथून पश्चिमेला जालन्याकडे निघाले की थोड्याच अंतरावर हैदराबाद संस्थानाची हद्द लागत असे. संपूर्ण मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचाच भाग होता. रहीम यांच्या संघाने आपली कीर्ती मिळवली तीही मुंबईच्या कूपरेज मैदानावर.

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. राजवट बदलली, माणसांची घडी विस्कटली. अशा काळात हैदराबाद सिटी पोलीस हा संघ १९५० पासून देशातील बलाढ्य संघांना हरवू लागला. या संघाच्या उभारणीत नॉर्बर्ट फ्रुवाल यांचाही वाटा होता. १९५० पासून प्रशिक्षक म्हणून रहीम यांनी त्याला कळसाला नेले. नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, पॅट्रिक, सुसाई असे मुस्लिम आणि ख्रिस्ती खेळाडू या संघात खांद्याला खांदा लावून खेळत.

मुंबईत १८९१ पासून भरणारी रोव्हर्स चषक स्पर्धा तेव्हा देशातील सर्वांत मानाच्या स्पर्धांपैकी एक होती. ती हैदराबाद पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकली. कोलकात्याचे नामांकित क्लब, मुंबईचे कंपन्यांचे संघ, लष्कराचे संघ या सर्वांची मिरासदारी त्यांनी मोडून काढली. ड्युरँड चषक त्यांनी १९५० मध्ये मोहन बागानला हरवून पटकावला आणि १९५४, १९५७ व १९६१ मध्ये पुन्हा त्यावर नाव कोरले. १९५६ आणि १९५७ या लागोपाठच्या वर्षी हैदराबादने राष्ट्रीय अजिंक्यपदाचा संतोष करंडक जिंकला; दोन्ही वेळा अंतिम फेरीत हरलेला संघ मुंबईचा होता.

या यशाचे मर्म संघाच्या रचनेत होते. त्या काळी भारतात उघड व्यावसायिक फुटबॉल नव्हते. मुंबईत टाटा, कॅल्टेक्स, रेल्वे अशा आस्थापना खेळाडूंना नोकरी देत. हैदराबादेत ती जबाबदारी पोलीस खात्याने उचलली. खेळाडू खात्याच्या नोकरीत असल्याने महिन्याच्या पगाराची शाश्वती होती. दुखापत झाली म्हणून चूल बंद पडण्याची भीती नव्हती. तेच खेळाडू वर्षानुवर्षे एकत्र सराव करीत असल्याने कोण कुठे धावणार, कोणाला चेंडू कसा हवा असतो, हे एकमेकांना न पाहताही कळे. रहीम यांची झटपट पासची पद्धत नेमकी अशाच संघाला पेलण्यासारखी होती. दर हंगामाला निम्मे खेळाडू बदलणाऱ्या संघात ती रुजलीच नसती.

त्याच सुमारास किंवा थोडे आधी इंग्लंडमध्येही हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला गेला होता. तेथे अनेक क्लबांत संघनिवड संचालक मंडळी करीत. हर्बर्ट चॅपमन यांनी १९२५ मध्ये आर्सेनलची सूत्रे घेतल्यावर संघाचा कारभार प्रशिक्षकाच्या हाती आणला, खेळाडूंना डावपेचांच्या चर्चेत सामील करून घेतले आणि १९३४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या क्लबला इंग्लंडमधील अग्रगण्य स्थान मिळवून दिले. चॅपमन यांच्यापाशी श्रीमंत क्लब होता. रहीम यांच्यापाशी पोलीस शिपाई, शाळेची मैदाने आणि स्वतःची चिकाटी एवढेच भांडवल होते. जबाबदारी एका माणसाकडे असावी आणि त्याला पुरेसा काळ मिळावा, हे सूत्र मात्र दोन्हीकडे सारखेच होते.

एक रुपयाची गुंतवणूक

गुणी खेळाडू हेरणे आणि त्याच्या मार्गातली अडचण दूर करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली अनेकांना जमते, दुसरीचे भान थोड्यांनाच असते. तुळशीदास बलराम याची कथा या संदर्भात आवर्जून सांगितली जाते. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा येथील हा गरीब घरातला मुलगा रहीम यांच्या नजरेस पडला. त्याला सरावासाठी हैदराबादला यायचे होते, पण रोजचा प्रवास परवडणारा नव्हता. रहीम यांनी त्याला सायकलच्या भाड्यासाठी दररोज एक रुपया देण्याची व्यवस्था केली. तोच बलराम १९५६ मध्ये हैदराबादच्या संतोष करंडक विजेत्या संघात होता, त्याच वर्षी मेलबर्न ऑलिंपिकला गेला, रोममध्ये हंगेरी आणि पेरू या दोन्ही संघांविरुद्ध त्याने गोल केले आणि जकार्तात सुवर्णपदक मिळवले.

हेलसिंकीचा धडा

राष्ट्रीय संघाची धुरा रहीम यांच्याकडे आली तेव्हा भारतीय खेळाडू मोठ्या संख्येने अनवाणी खेळत. मार्च १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखालील भारताने मेवालाल यांच्या गोलवर इराणला १-० असे हरवले. सुवर्णपदकाच्या आनंदात उणिवा झाकल्या गेल्या. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्या उघड्या पडल्या. युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. थंड हवेत, ओल्या मैदानावर बूट न घालता खेळणाऱ्या संघाचा निभाव लागणे शक्यच नव्हते. या पराभवानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले.

रहीम यांच्या कारकिर्दीतील ही सर्वांत मानहानीकारक घटना होती. १९५४ च्या मनिला आशियाई स्पर्धेतही सुवर्णपदक राखता आले नाही. आजच्या काळात अशा दोन अपयशांनंतर प्रशिक्षकाची उचलबांगडी अटळ मानली जाते. रहीम यांना मात्र पुन्हा संधी मिळाली आणि तिचा त्यांनी अभ्यासासाठी उपयोग केला. १९५३ मध्ये हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असे हरवून फुटबॉलचे डावपेच बदलून टाकले होते. मधला आघाडीपटू थोडा मागे ठेवून प्रतिस्पर्ध्याच्या बचावाला बुचकळ्यात टाकण्याची ती पद्धत रहीम यांनी भारतीय खेळाडूंच्या चणीला आणि चपळाईला साजेशी करून वापरली. १९५८ च्या विश्वचषकात ब्राझीलमुळे जगभर गाजलेली ४-२-४ ही रचना आत्मसात करणाऱ्या आशियातील पहिल्या प्रशिक्षकांत त्यांची गणना होते.

मेलबर्न आणि रोम

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये या परिश्रमांना फळ आले. १ डिसेंबर रोजी भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यातले तीन गोल मुंबईच्या मैदानांवर घडलेल्या नेव्हिल डिसोझाचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये गोलांची हॅटट्रिक साधणारा तो पहिला आशियाई खेळाडू ठरला. उपांत्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हिया समोर आला. डिसोझाच्या गोलमुळे भारताने आघाडीही घेतली; शेवटी सामना १-४ असा गमावला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० अशी मात केली. तरीही चार वर्षांपूर्वी दहा गोल खाणारा देश ऑलिंपिकच्या शेवटच्या चार संघांत पोहोचला होता. एवढी मजल भारतीय फुटबॉलने त्यापूर्वी मारली नव्हती आणि त्यानंतरही मारलेली नाही.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये गट कठीण होता. हंगेरीविरुद्ध १-२ अशी निसटती हार झाली. फ्रान्सला कर्णधार पी. के. बॅनर्जींच्या गोलमुळे १-१ असे बरोबरीत रोखता आले. पेरूविरुद्ध १-३ असा पराभव झाल्याने आव्हान संपले. या संघात रहीम यांचे चिरंजीव सय्यद शाहीद हकीम यांचाही समावेश होता. पुढे हवाई दलात अधिकारी आणि आंतरराष्ट्रीय पंच म्हणून ख्याती मिळवलेल्या हकीम यांचे ऑगस्ट २०२१ मध्ये निधन झाले.

जकार्तातील कसोटी

१९६२ ची आशियाई स्पर्धा राजकारणाने ग्रासलेली होती. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला प्रवेश नाकारला. भारताचे क्रीडा प्रशासक जी. डी. सोंधी यांनी त्याला हरकत घेतल्यामुळे जकार्तात भारतीयांविरुद्ध संताप उसळला. मैदानात भारतीय संघ उतरला की प्रेक्षक हुर्यो उडवीत. त्यातच पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले.

रहीम यांचे माणसे हाताळण्याचे कसब येथे पणाला लागले. थायलंडविरुद्धचा सामना भारताने ४-१ असा जिंकला, पण बचावाचा कणा असलेला जर्नेल सिंग डोक्याला जबर मार लागून जखमी झाला. टाके पडलेल्या डोक्याने त्याला बचावात खेळवणे धोक्याचे होते आणि त्याच्यासारखा दणकट खेळाडू बाहेर बसवणेही परवडणारे नव्हते. जपानला २-० असे नमवल्यानंतर उपांत्य फेरीत रहीम यांनी जर्नेलला चक्क मधल्या आघाडीपटूच्या जागी उतरवले. वरकरणी हा जुगार होता. परंतु जर्नेलला आघाडीवर खेळण्याची सवय होती, हे प्रशिक्षकाला ठाऊक होते. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध भारत ३-२ असा जिंकला. चुनी गोस्वामीने दोन आणि जर्नेलने एक गोल केला.

अंतिम सामन्यासाठी दुसरा निर्णय गोलरक्षकाचा होता. पीटर थंगराज आजारातून उठला होता आणि त्याच्या जागी प्रद्युत बर्मन चांगला खेळत होता. रहीम यांनी तरीही उंचापुऱ्या थंगराजला परत आणले, कारण कोरियाचा भर उंचावरून येणाऱ्या चेंडूंवर होता. सामना सुरू झाल्यावर पहिल्या वीस मिनिटांतच बॅनर्जी आणि जर्नेल यांनी एकेक गोल केला. मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबचा, मूळचा गोव्यातील कोलवाळचा फोर्टुनातो फ्रँको मधल्या फळीत झुंजत होता. रहीम यांच्या पोलीस संघातला युसुफ खान जोडीला होता. उत्तरार्धात कोरियाने एक गोल फेडला, पण बरोबरी साधता आली नाही. पहिल्याच सामन्यात ज्या संघाकडून हार पत्करली, त्यालाच हरवून भारताने सुवर्णपदक जिंकले.

रहीम गेले, पद्धतही गेली

जकार्ताहून परतल्यावर रहीम यांची प्रकृती ढासळत गेली. ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे ५३ वर्षांचे होते. १९६४ मध्ये हॅरी राईट या इंग्रज प्रशिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली भारताने आशिया चषकात उपविजेतेपद मिळवले. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत हैदराबादच्या सय्यद नईमुद्दीन यांच्या नेतृत्वाखाली कांस्यपदक लाभले. रहीम यांनी पेरलेल्या बियाण्याचे हे शेवटचे पीक म्हणावे लागेल. त्यानंतर उतरण सुरू झाली.

या घसरणीची जबाबदारी एकट्या काळावर टाकता येणार नाही. रहीम यांच्या हयातीत त्यांच्या पद्धतीला संस्थेचे रूप दिले गेले नाही. शाळेपासून पोलीस संघापर्यंत आणि तेथून राष्ट्रीय संघापर्यंत त्यांनी जो जिना बांधला होता, तो त्यांच्या व्यक्तिमत्त्वावर उभा होता. उत्तम व्यवस्थापक गेल्यावर संस्था डगमगत असेल, तर त्याची कार्यपद्धती संस्थेत मुरली नव्हती, असाच त्याचा अर्थ होतो. रहीम यांच्या कर्तृत्वाची ही मर्यादा मान्य करावी लागते. मात्र त्यात त्यांच्यापेक्षा तत्कालीन प्रशासनाचा दोष अधिक आहे. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये सुरू झाला, तोवर रहीम यांना जाऊन २२ वर्षे झाली होती. सर्वसामान्य प्रेक्षकाला त्यांचे नाव नव्याने कळले ते एप्रिल २०२४ मध्ये प्रदर्शित झालेल्या मैदान या हिंदी चित्रपटामुळे.

त्याच शहराची दुसरी कथा

माणसे नीट न सांभाळल्यास काय होते, याचे उदाहरणही रहीम यांच्याच शहराने अलीकडे पुरवले. २०१९ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबाद एफसी या व्यावसायिक क्लबने मानोलो मार्केझ या स्पॅनिश प्रशिक्षकाला वेळ दिला, तरुण भारतीय खेळाडूंवर भरवसा ठेवला आणि मार्च २०२२ मध्ये गोव्यातील फातोर्डा मैदानावर केरळ ब्लास्टर्सला हरवून इंडियन सुपर लीगचे विजेतेपद मिळवले. दोनच हंगामांत चित्र पालटले. २०२३-२४ मध्ये वेतन थकल्याच्या तक्रारी आल्या, नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी आली, एकामागून एक खेळाडू निघून गेले आणि क्लब गुणतक्त्याच्या तळाला पोहोचला. २०२५ मध्ये त्या संघाचा मुक्काम दिल्लीला हलला आणि नावही बदलले. मैदान तेच होते, चाहते तेच होते. फरक पडला तो पगाराच्या शाश्वतीत आणि माणसे टिकवण्यात.

राष्ट्रीय संघातही स्थैर्याची उणीव जाणवते. २००० नंतरच्या दोन दशकांत परदेशी प्रशिक्षकांवर भर राहिला. इगोर श्टिमाच यांना जून २०२४ मध्ये हटवण्यात आले, त्यांच्या जागी आलेले मार्केझ वर्षभरात पायउतार झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील यांच्याकडे धुरा सोपवण्यात आली. मुंबईच्या फुटबॉलमध्ये वाढलेल्या जमील यांनी २०१७ मध्ये ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले होते. युरोपातील लीगच्या आकडेवारीवर झालेल्या अभ्यासांतूनही हेच दिसते, की हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षक बदलल्याने मिळणारा लाभ बहुधा क्षणिक असतो.

रहीम यांनी पदरात घातलेली पदके संग्रहात जपून ठेवता येतील. त्यांच्या कामाचा उपयोग मात्र आजही होऊ शकतो. खेळाडूच्या पोटापाण्याची चिंता मिटवावी, त्याच्या कच्च्या दुव्यावर रोज काम करावे, प्रशिक्षकाला अधिकार आणि अवधी दोन्ही द्यावेत आणि हे सारे एका माणसाच्या जिवावर न सोडता संस्थेच्या अंगवळणी पाडावे. यातल्या पहिल्या तीन गोष्टी एका शाळामास्तराने साधून दाखवल्या. चौथी साधण्याची जबाबदारी त्यांच्यानंतर आलेल्या क्लबांची आणि संघटनांची होती. ती अद्याप पार पडलेली नाही.